तुकड्यांना दात नसतात

"डुक्कर! आणि तेही रमजानच्या शुक्रवारी!" शुक्रीकाका किल्ल्यांचा जुडगा छातीशी धरून दारातच थबकले. "इन्शिराहबाई, जरा देवाला घाबरा."

"अख्खं डुक्कर नाही हो काका. त्याच्या मूत्रपिंडाच्या पेशी आहेत. डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. आणि मी काय त्या खाणार आहे? मारणार आहे."

"मारणार? मग ठीक," म्हणून त्यांनी प्रयोगशाळेचं कुलूप काढलं. वर "पुण्यच लागेल तुम्हाला" असंही म्हणाले.

पुण्यासाठी आलेच नव्हते मी. मी सूड घ्यायला आले होते. अकरा वर्षं डूख धरून बसले होते आणि त्या दुपारी माझा दिवस उजाडला होता.

माझं काम आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तांता शहरातल्या ज्या दवाखान्यात मूत्रपिंडं बदलतात, तिथल्या तळघरात रक्तातलं औषध मोजायची आमची खोली आहे. मूत्रपिंड बदललेल्या माणसाला जन्मभर एक गोळी घ्यावी लागते, नाहीतर शरीर परक्याचं मूत्रपिंड हाकलून लावतं. ही गोळी मोठी लबाड. कमी पडली तर शरीर मूत्रपिंडाला खातं, जास्त झाली तर गोळीच खाते. म्हणून ठरावीक दिवशी रक्त घ्यायचं, गोळी किती शिल्लक आहे ते मोजायचं आणि आकडा वर डॉक्टरांकडे पाठवायचा. सव्वीस वर्षं मी हेच करते. लग्न झालं नाही, त्याचं कारण माझी जीभ, असं अम्मा म्हणते.

पोटात गेलेल्या गोळीचे यकृत तुकडे करतं. आमचं यंत्र कागदाच्या पट्टीवर रेघ काढतं. मूळ औषधाचा एक डोंगर, आणि बाजूला तुकड्यांच्या बारक्या टेकड्या. डोंगर मोजायचा, टेकड्या सोडून द्यायच्या, असा आमच्याकडचा शिरस्ता. मला मात्र पहिल्यापासून त्या टेकड्यांचा संशय. मोडलेल्या काचेचा तुकडा अख्ख्या पेल्यापेक्षा जास्त कापतो, हे काय कुणी शिकवावं लागतं?

आता माझ्या बहिणीचं. सुहैर माझ्याहून सोळा वर्षांनी धाकटी, शाळेत चित्रकला शिकवायची. ऐन पंचविशीत तिची मूत्रपिंडं गेली. चार वर्षं आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुऊन घ्यायची. मग अम्माने आपलं एक मूत्रपिंड तिला दिलं, अन् पोरगी अशी टवटवीत झाली म्हणता! दीड वर्ष सगळं छान चाललं. तिचं रक्त मीच घ्यायचे. माझ्या बहिणीला दुसऱ्या कुणी सुई का टोचावी?

आणि एका सकाळी आकडा आला चारशे साठ. दोनशेच्या आत हवा होता. मूत्रपिंडाचं कामही थोडं मंदावलेलं. मी पट्टी पाहिली तर डोंगराशेजारी दोन टेकड्या, इतक्या उंच मी कधी पाहिल्या नव्हत्या. पट्टी घेऊन तशीच जिने चढून वर गेले. डॉक्टर रिफअत, आमच्या विभागाचे प्रमुख, पंधरा-वीस शिकाऊ डॉक्टरांचा ताफा घेऊन खाटांमधून फिरत होते.

"डॉक्टर, नुसती गोळी कमी करून भागायचं नाही. औषधच बदला. हे तुकडे तिचं मूत्रपिंड खातायत."

त्यांनी पट्टी दोन बोटांत धरली. "इन्शिराह, तुकड्यांना दात नसतात गं," म्हणाले. मग ताफ्याकडे वळून, "बघा! नळ्या धुवायला ठेवलेली बाई मूत्रपिंडं वाचवायला निघाली."

सगळे हसले. पोट धरून हसले मेले. डॉक्टरांनी सुहैरची गोळी निम्मी केली आणि पुढच्या खाटेकडे गेले.

सहा आठवड्यांत अम्माचं मूत्रपिंड मेलं. "शरीराने नाकारलं," डॉक्टर म्हणाले. कातडी वाचवतोय थेरडा, मी मनात म्हटलं. सुहैर परत मशीनवर गेली, कशीबशी दोन वर्षं काढली आणि गेली. तिला पुरून आले त्या दिवशी मी ती पट्टी ईदच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि शपथ घेतली, की तुकड्यांचे दात ह्या माणसाला त्याच्याच माणसांसमोर दाखवीन.

मग आठ वर्षं मी तुकडे साठवले. रुग्णांच्या लघवीतून, यंत्राच्या दुसऱ्या टोकाला बाटली धरून, थेंब थेंब. लोक निवृत्तीसाठी पुंजी साठवतात, मी विष साठवलं. दरम्यान डॉक्टर रिफअत यांचे केस पांढरे झाले, मान वाढला, आणि ह्या रमजानच्या दुसऱ्या गुरुवारी त्यांच्या निवृत्तीचा इफ्तार ठरला. प्रत्येक खोलीतून एकाने दोन शब्द बोलायचे होते. तळघरातर्फे मी स्वतःहून नाव दिलं. लोकांना वाटलं, बाई मऊ पडली. पडते मऊ!

पेशी नर्मीनच्या होत्या. नर्मीन आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी आलेली औषधशास्त्राची मुलगी, प्रबंधासाठी ह्या पेशी वाढवते. हुशार, कमी बोलणारी. माझी सगळी कथा तिला ठाऊक होती. तिने एक प्लेट मला दिली आणि बुधवारी आम्ही दोघींनी मिळून तिच्या खळग्यांत थेंब टाकले. वरच्या ओळीत नुसतं पाणी, मधल्या ओळीत मूळ औषध, खालच्या ओळीत माझे तुकडे. मधल्या आणि खालच्या ओळीत माप सारखंच. शुक्रवारी रंग टाकायचा. पेशी जिवंत असतील तर पिवळा रंग जांभळा करतात, मेल्या असतील तर पिवळा पिवळाच राहतो. इतकं सोपं.

रंग टाकून तीन तास थांबायचं होतं. नर्मीन नमाजाला वरच्या मजल्यावर गेली. मी खुर्ची ओढून प्लेटसमोर बसले, पातेल्यातलं दूध उतू जाऊ नये म्हणून बसतात तशी.

वरची ओळ जांभळी झाली. होणारच होती.

खालची ओळही जांभळी झाली. थोडी फिकी, पण जांभळी.

पिवळी राहिली ती मधली. मूळ औषधाची.

मी प्लेट उजेडात धरली. फिरवली. चष्मा पुसला. माझे तुकडे, आठ वर्षांचे माझे तुकडे, त्या डुकराच्या पेशींना साधं ओरबाडूही शकले नव्हते! मारलं होतं ते औषधाने. ते थेरडं खरं बोललं होतं. त्या क्षणी मला सुहैर गेल्याचं जेवढं दुःख नव्हतं तेवढं ह्याचं झालं. खोटं कशाला बोलू?

प्लेटच्या कडेला ओळींची नावं लिहिलेल्या कागदी चिकटपट्ट्या होत्या. मधली आणि खालची, दोन्ही मी नखाने सोडवल्या. फक्त अदलाबदल करायची होती. कोण विचारणार होतं? प्लेटचा फोटो काढायचा, गुरुवारी सगळ्यांसमोर धरायचा, आणि म्हणायचं, मोजा डॉक्टर, किती दात आहेत ते.

"ताई."

नर्मीन दारात उभी होती. पट्ट्या माझ्या बोटांना चिकटलेल्या. तिने त्या पाहिल्या आणि न पाहिल्यासारखं केलं. गुणी पोरगी.

"एका प्लेटवरून काही ठरत नसतं, ताई," ती जवळ येऊन म्हणाली. "पुन्हा करून बघू. पण ती जुनी पट्टी दाखवा ना एकदा. तुमच्या बहिणीच्या रक्तात हे तुकडे किती होते ते बघू, मग त्या मापाने टाकू."

मी पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला. पट्टी अकरा वर्षांत पिवळी पडली होती, घडीवर फाटत होती. नर्मीनने ती टेबलावर हलक्या हाताने उलगडली आणि रेघेवरून बोट फिरवलं.

"हे रक्त गोळीनंतर किती तासांनी घेतलं?"

"किती म्हणजे? बारा. खाली लिहिलंय की."

"बारा तासांनी असं दिसत नाही, ताई. टेकड्या राहू द्या, हा डोंगर बघा. हे चार-पाच तासांचं रक्त आहे."

"तू मला शिकवू नकोस! तू कडेवर असताना मी ह्या पट्ट्या वाचत होते."

"नाही शिकवत. पण तुम्ही टेकड्या बघत राहिलात, डोंगर पाहिलाच नाहीत." तिने पट्टीच्या कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवलं, मग फोनमध्ये काहीतरी शोधलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "ताई, हा रमजान होता. त्या रोजे धरत होत्या का?"

"वेडी आहेस का? मूत्रपिंड बदललेल्यांना रोजा मना असतो. दर चार तासांनी पाणी प्यावं लागतं. आणि ती धरती तर मला कळलं नसतं? मी जीव घेतला असता तिचा!"

मी बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं.

आता फॉर्मचं सांगायलाच हवं. रक्ताच्या नळीबरोबर एक फॉर्म असतो. त्यावर एक चौकोन असतो, 'शेवटची गोळी किती तासांपूर्वी?' सगळे रात्री नऊला गोळी घेतात, सकाळी नऊला रक्त देतात, मग दुसरी गोळी घेतात. उत्तर ठरलेलं. म्हणून आम्ही सकाळी चहा पिता पिता शंभर फॉर्मांचा गठ्ठा घ्यायचो आणि रुग्ण यायच्या आधीच सगळ्यांवर 'बारा' लिहून ठेवायचो. मीच सुरू केलेली पद्धत. वेळ वाचतो म्हणून वरच्यांनी शाबासकीही दिली होती.

रोजा धरणारा माणूस मगरिबला, सूर्य मावळल्यावर, एक गोळी घेणार आणि पहाटे सहरीला दुसरी. पहाटे चारची गोळी, सकाळी नऊला रक्त. पाच तास.

घरी गेले तेव्हा अम्मा ओट्यापाशी स्टुलावर बसून कतायफच्या छोट्या पोळ्यांमध्ये अक्रोड भरत होती. त्र्याहत्तर वर्षांची आहे, एका मूत्रपिंडावर आहे, तरी रोजा सोडत नाही. मी पिशवी न ठेवताच विचारलं.

"अम्मा, शेवटच्या रमजानला, मूत्रपिंड जायच्या आधी, सुहैर रोजे धरायची?"

तिचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"आता कशाला ते?"

"धरायची का?"

"चार वर्षं मशीनवर काढली पोरीने, एक रोजा घडला नव्हता. म्हणाली, अम्मा, आता माझ्यात तुझं मूत्रपिंड आहे, ते तुझ्यासारखंच असणार, त्याला सवय असेल." अम्मा हसली. अकरा वर्षांनंतरही त्या बोलण्याचं तिला हसू आलं. "सहरीला मीच उठवायची तिला. दही, बाकल्याची उसळ आणि मग गोळी. गोळी नाही हो कधी चुकवली आम्ही. घड्याळ लावून द्यायची मी."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला?" अम्माने पहिल्यांदा वर पाहिलं. "तुला कोण सांगणार, बाई? तू आकाशपाताळ एक केलं असतंस. तीच म्हणाली, ताईला कळू देऊ नकोस, ताई ओरडते. दवाखान्यात विचारलं तर खरं सांगेन, म्हणाली, पण ताई कधी काही विचारतच नाही, नुसतं दंड पुढे कर म्हणते." तिने एक कतायफ मिटवून ताटात ठेवला. "का गं? त्याचं काही झालं होतं का?"

ओठांवर आलं होतं. की अम्मा, त्या गोळ्यांच्या वेळेमुळे आकडा वर गेला. उपाशीपोटी, तहानेने मूत्रपिंड थोडं सुकलं, ते पाहून डॉक्टरांना वाटलं औषध जास्त झालंय. त्यांनी गोळी निम्मी केली. औषध जास्त नव्हतंच. निम्म्या गोळीवर शरीराने तुझं मूत्रपिंड हाकलून लावलं. सगळं ओठांवर आलं होतं. अकरा वर्षांत दुसऱ्या कुणाचं नाव असं हाती लागलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. आणि हाती लागलं काय? अम्मा, सुहैर आणि मी. आपलेच दात, आपलेच ओठ.

"काही नाही झालं," मी म्हटलं. "सहज विचारलं. जास्त भरू नकोस, तळताना फुटतील."

गुरुवारी दवाखान्याच्या अंगणात लांबलचक टेबलं मांडली होती. प्रत्येकाच्या पुढ्यात तीन खजूर आणि जर्दाळूच्या सरबताचा पेला. मगरिबला वीस मिनिटं होती, तेवढ्यात भाषणं उरकायची होती. नर्मीन माझ्याशेजारी बसली होती. ती कानाशी येऊन म्हणाली, "प्लेट मी फेकून दिली, ताई. तुम्ही काय बोलायचं ते बोला. मी काही पाहिलं नाही."

म्हणजे सूड अजून शाबूत होता. नुसतं तोंड उघडायचं होतं.

माझं नाव पुकारलं. मी उठले, तर डॉक्टर रिफअतच खुर्चीतून मोठ्याने म्हणाले, "अरे, ही आमची तळघराची राणी! काय गं इन्शिराह, शुक्रीने मला सांगितलंय, तू सुट्टीच्या दिवशी डुकरं मारतेस म्हणे. काय झालं शेवटी? तुकड्यांना दात निघाले का?"

अंगणभर हशा पिकला. ते हसणं मी ओळखलं. अकरा वर्षांपूर्वीचंच होतं, फक्त तोंडं बदलली होती. निघाले, म्हणायचं होतं. चांगले बत्तीस निघाले. एक शब्द, आणि हा माणूस आयुष्यभर झोपताना कवळीसकट तो शब्द पेल्यात ठेवून झोपला असता.

"नाही निघाले, डॉक्टर," मी म्हटलं. "तुम्ही बरोबर होतात."

ते खूश झाले. दोन्ही हात वर करून लोकांना दाखवू लागले.

"पण माझी बहीण सुहैर गेली ती त्या दिवसामुळेच. तुम्हाला आकडा मी दिला होता. चारशे साठ. फॉर्मवर बारा तास मी लिहिलं होतं. रक्त पाच तासांचं होतं. मी तिला विचारलंच नव्हतं."

डॉक्टरांनी हात खाली घेतले. कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे पाहत राहिले.

"सुहैर?" ते म्हणाले. "कुठली सुहैर?"

विनोद त्यांच्या ध्यानात होता. माणूस नव्हता.

अकरा वर्षं ज्याच्या नावाने मी बोटं मोडली, त्याच्या डोक्यात माझ्या बहिणीला उभं राहायलाही जागा नव्हती. मला संताप यायला हवा होता. आलाही. पण तो त्यांच्यापर्यंत पोहोचेना, मध्येच कुठेतरी बसला.

"चित्रं काढायची," मी म्हटलं. "तिच्या आईचं मूत्रपिंड होतं. रमजान चालू होता, डॉक्टर. अख्खं शहर पहाटे उठत होतं. तुम्हीही उठत होतात, मीही उठत होते. आणि आपल्या दोघांपैकी एकालाही तिला विचारावंसं वाटलं नाही, की पोरी, पहाटे काय खाल्लंस?"

तेवढ्यात बांग झाली. कुणी हललं नाही. मग शुक्रीकाकांनी खजूर तोंडात टाकला आणि बाकीच्यांचे हात चालू झाले. डॉक्टर रिफअत बराच वेळ खजूर हातात धरून बसले होते, असं नर्मीन नंतर म्हणाली. मी पाहिलं नाही. मला तहान लागली होती.

शनिवारी सकाळी तळघरात गेले तर गठ्ठा टेबलावर तयार होता. कुणीतरी सवयीने शंभरच्या शंभर फॉर्मांवर 'बारा' लिहून ठेवलं होतं. मी सगळा गठ्ठा फाडला आणि कपाटातून कोरा काढला. बाहेर रांग लागली होती, लोक कुरकुरत होते. लागू दे.

पहिली आली ती विशी-बाविशीची, डोक्याला हिरवा रुमाल, नवी नवरी असावी, हातावरची मेंदी अजून गेली नव्हती. भावाचं मूत्रपिंड बसवलेलं, आठ महिने झालेले. बसल्या बसल्या तिने बाही वर केली.

"शेवटची गोळी किती तासांपूर्वी?"

"बारा," ती लगेच म्हणाली. तिचे ओठ सुकलेले होते.

मी पेन खाली ठेवलं. तिच्याकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहू लागली. माझ्या आवाजाची कीर्ती रांगेत माझ्या आधी पोहोचलेली असते, हे मला माहीत आहे.

"बाळ," मी म्हटलं. आवाज जमेना, म्हणून घसा साफ करून पुन्हा म्हटलं, "बाळ, खरं सांग. मी रागावणार नाही."

तिने वर केलेली बाही पुन्हा खाली ओढली. मी पेन उचललं नाही. रांगेतून कुणीतरी ओरडलं, मी लक्ष दिलं नाही.

"पाच, ताई," ती म्हणाली.

मी चौकोनात पाच लिहिलं.